पेटी उतरवणारे आप्पा

मारुतीआप्पा शिंद्यांच्या मयताला एवढी माणसं येतील असं त्यांच्या भावकीलाही वाटलं नव्हतं. विटा रस्त्यावरून गावाला फुटणाऱ्या फाट्यापासूनच गाड्या लागल्या होत्या. मी साताऱ्याहून मोटारसायकलवर गेलो होतो म्हणून तरी आत शिरता आलं. ओढ्याकाठी माणसं उन्हात उभी होती आणि जो तो शेजारच्याला आपली ओळख आप्पांच्या नावानं सांगत होता. "आमचा चुलता ह्यांनीच आणला." "माझा भाऊ तिकडं केरळात गेला, तवा आप्पा हुतं म्हणून निभावलं." एक म्हातारा नुसताच "आमचा लेक," एवढं म्हणाला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसला. सगळ्यांना खरंच वाईट वाटत होतं, त्यात काही खोट नव्हती. मला मात्र त्या गर्दीचा राग आला. कारण यातल्या बहुतेक घरांनी आप्पांना कधी लग्नाला बोलावलं नव्हतं. मयताला गाव लोटलं, पण जिवंतपणी मांडवात पाय ठेवू दिला नाही. आता हे मी तिथं कुणाला बोलणार?

आप्पा पुण्याच्या विमानतळावर विमानात सामान चढवायचं-उतरवायचं काम करत. मी त्याच कंपनीत मिस्त्री होतो. बॅगांच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, विमानाच्या पोटाला लावायची पट्ट्याची गाडी, प्रवाशांचे जिने, हे सगळं चालतं ठेवायचं काम माझं. लोकांना विमान म्हटलं की पायलट आणि हवाई सुंदरी आठवते. ते विमान जमिनीवर टेकल्यापासून परत उडेपर्यंत खाली किती माणसं उन्हातान्हात पळत असतात, याचा पत्ता खिडकीत बसलेल्याला नसतो. आप्पा तर त्याहून आत, विमानाच्या पोटात. तिथं ताठ उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर सरकत बॅगा रचायच्या. आप्पांचे गुडघे त्यातच गेले, पण बॅग फेकलेली त्यांनी कधी चालवून घेतली नाही. कुणी दाणकन आपटली की आतून आवाज यायचा, "हळू रं गड्या! ती कुणाच्या तरी आईनं भरल्याली अस्ती."

आपल्याकडची बॅग त्यांना वासावरून कळायची. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कधी घरची हळद. "मिस्त्री, सांगली चालली बगा," असं म्हणून ती बॅग ते जरा थोपटून ठेवायचे. तोंडात कायम लवंग. चहा दुसऱ्यानं आणलेला चालायचा नाही, आणि मनाविरुद्ध झालं तर दिवसदिवस फुगून बसायचे. एकदा मी त्यांच्या टोपीला फडकं समजून ग्रीसचे हात पुसले, तर पंधरवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा पहिलं वाक्य, "टोपी धुतली न्हवं?"

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. विमानतळावर हत्यारांची शिस्त फार कडक. एखादा पाना विमानाजवळ राहिला आणि इंजिनानं ओढून घेतला तर किती जणांच्या जिवावर बेतेल सांगता येत नाही. पाळी संपताना प्रत्येक हत्यार आपल्या खोबणीत दिसलंच पाहिजे. आणि माझ्या हत्यारांच्या पेटीतले स्क्रू ड्रायव्हर नाहीसे व्हायला लागले. मी सगळ्या पोरांची आयमाय काढली. तेव्हा हा पांढऱ्या मिशांचा माणूस पुढं आला आणि शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, कुणाला बोलू नगा. मी न्हेलं."

"कशाला?"

"पेटीसंगं दिलं."

ही पेटी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आप्पांच्या भागातली, खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणतात त्याला. मद्रासपासून बंगालपर्यंत कुठल्याही गावच्या सराफकट्ट्यात जा, बोळात एक भट्टी आणि भट्टीपुढं विट्याकडचा एक माणूस असतोच. तिकडं कुणी मेलं की त्याला पेटीत घालून विमानानं पुण्याला आणायचं आणि तिथून रस्त्यानं गावी. सैन्यातली पोरं मानानं येतात, बिगूल वाजतो. ही माणसं मात्र मालाच्या कागदावर येतात, इतर खोक्यांसारखी. ती पेटी उतरवायला आप्पा कायम पुढं. पाळी नसली तरी यायचे.

"पेटी दारात जाती," आप्पा मला सांगत होते. "बायामाणसं अंगावर पडत्यात. आन् मग कळतंय की झाकणाला इस्क्रू हाईत. कोण शेजारी पळतंय, कोण सुरी आणतंय, कोण इळ्याच्या टोकानं खरवडतंय. म्होरं त्याची आय बसल्याली. ते बगवत न्हाई वो. म्हणून डायवरच्या खिशात एक घालून देतो."

मग मी बाजारातून स्वस्तातल्या स्क्रू ड्रायव्हरचं जुडगं आणून त्यांच्या लॉकरमध्ये टाकलं आणि म्हटलं, "माझ्या पेटीला हात लावलात तर हात मोडीन." ते हसले. आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

हळूहळू आप्पांचा नंबर त्या सगळ्या भागात पसरला. कुठं काही झालं की आधी फोन त्यांना. त्यांचा एक नियम होता. मेलेल्याच्या घरी थेट फोन करायचा नाही. "आधी भावकीतला एक घट्ट माणूस धरायचा. तेला सांगायचं, आन् तेनं चालत जाऊन सांगायचं. फोनवर रडाय बी येत न्हाई नीट." असा घट्ट माणूस सापडला नाही, तर सुट्टी टाकून स्वतः पेटीबरोबर जायचे आणि उंबऱ्यात उभे राहून सांगायचे. बातमी पोचण्याआधी आप्पाच पोचले, असंही काही घरांत झालं.

आणखी एक त्यांची पद्धत होती. गावाकडं स्मशानाच्या वाटेवर तिरडी एकदा खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात आणि मग पुढं निघतात. त्या जागेला विसावा म्हणतात. आप्पा विमानापासून मालाच्या गोदामाकडं पेटी नेताना अर्ध्या वाटेत ट्रॅक्टर थांबवायचे. खाली उतरायचे, टोपी काढायची, ट्रॉलीला एक फेरी मारायची. पेटीवर हात ठेवून म्हणायचे, "आलास गड्या. आता इथनं म्होरं रस्ता हाय, घाबरू नगंस." मग पुन्हा ट्रॅक्टरवर. नव्यानं आलेले एक साहेब यावरून चिडले. विमानाजवळ गाडी विनाकारण उभी करायची नाही, नियम म्हणजे नियम. साहेबांचंही चूक नव्हतं. आप्पा म्हणाले, "साहेब, लांबनं आलाय. जरा टेकू द्या." साहेबांनी ताकीद दिली. आप्पांनी ती खाली मान घालून ऐकून घेतली आणि पुढच्या पेटीला परत थांबले. त्या वेळी साहेब दुसरीकडं बघत होते.

हे सगळं पुण्याचं काम. पण त्याची किंमत आप्पांनी गावात मोजली.

कारण लग्न म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. नोकरीला लागण्याआधी आप्पा त्यांच्या पंचक्रोशीतले नावाजलेले वाढपी होते. पंगतीत बुंदी वाढावी ती त्यांनी. हातात टोपली घेऊन वाकत वाकत असे सुटायचे की पानावर एक दाणा इकडंतिकडं नाही. मठ्ठा कुठं पातळ झाला, जिलबी कुठल्या आचाऱ्यानं बिघडवली, कुणाच्या लग्नात वरमाय रुसली, हे सगळं त्यांना वर्षानुवर्षांचं पाठ. विमानाच्या पोटात बॅगा रचता रचता मंगलाष्टकं गुणगुणायचे. मी म्हणायचो, "आप्पा, कुणाचं लावताय?" तर म्हणायचे, "बॅगांचं. ही लाल नवरी, ह्यो काळा नवरा."

पुढं पुढं त्यांना पत्रिका यायची ती लग्न होऊन गेल्यावर. "टपालात अडकली आसंल," असं ते मला सांगायचे. आता भावकीतल्या पत्रिका कुठं टपालानं येतात? त्यांना कळत होतं. आप्पा दिसले की काळजात धस्स व्हायचं लोकांच्या. ज्या माणसानं उंबऱ्यात उभं राहून तसली बातमी सांगितली, तो हसत मांडवात आला तरी तीच बातमी आठवणार. कुणी वाईट बोलायचं नाही. नुसतं बोलवायचं नाही.

त्यांची मुलगी सारिका. विट्याला कॉलेजात असताना अमोल नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा सज्जन, मद्रासच्या पुढं एका गावात वडिलांची गलाईची भट्टी सांभाळायचा. वडील तिकडंच वारले होते, आणि त्यांची पेटी आप्पांनीच घरी पोचवली होती. अमोलनं आईला फोन करून सांगितलं, शिंदे पाहुणे येतील, बोलून घे. कुठले शिंदे, कोण शिंदे, हे सांगायचं राहिलं. शिंदे काय, पायलीला पन्नास.

आप्पा मला म्हणाले, "मिस्त्री, तुमी चला. तुमी बोलाय बरं." आप्पांनी नवा सदरा, इस्त्रीची टोपी आणि साताऱ्याहून मी नेलेले कंदी पेढे असा थाट केला. गाडीत सारखे टोपी नीट करत होते. आम्ही दुपारी पोचलो. अमोलची आई अंगणात शेंगा वाळत घालत होती. फाटकाचा आवाज झाला म्हणून तिनं वर पाहिलं.

तिनं आप्पांना पाहिलं आणि ती उभ्या जागी खाली बसली. मग जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. "माझ्या अमोलला काय झालं वो! आप्पा, तुमी का आलासा! का आलासा तुमी!" आम्ही दोघं बोलायला तोंड उघडतोय तोवर शेजारच्या बायका धावल्या. त्यांनीही आप्पांना पाहिलं आणि पुढचं विचारायची गरजच उरली नाही. एकीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, दुसरीनं रडत पाणी आणलं, गल्ली गोळा झाली. आप्पा पेढ्यांचा पुडा छातीशी धरून, "न्हाई वो, तसं न्हाई, पोरगं बरं हाय," असं म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. एक म्हातारा मला म्हणाला, "कवा आणणार हाईत?"

मी अमोलला फोन लावला. उचलेना. भट्टीपुढं बसलेला माणूस फोन लांब ठेवतो, हे तिथं सगळ्यांना माहीत. पण त्या वेळी प्रत्येक रिंगला अंगणातला आवाज वाढत गेला. अखेर त्यानं उचलला. मी फोन आईच्या कानाला लावला. "आय? काय झालं गं?" ती नुसती म्हणत राहिली, "बोलत ऱ्हा. तू बोलत ऱ्हा बाळा." तो बिचारा काय बोलणार? जेवायला काय केलंय ते सांगायला लागला. भात, सांबार, पापड. ते ऐकून बायकांनी पदरानं डोळे पुसले, आणि मग कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. चहा झाला, बोलणी झाली. सारिका त्या माउलीला पसंत होती.

निघताना ती फाटकापर्यंत आली. हसत नव्हती ती एकटीच. आप्पांच्या पायाकडं बघत म्हणाली, "आप्पा, पोरीला मी लेकीवानी नांदवीन. तुमचा राग न्हाई मला. माझ्या मालकाला तुमी घरला आणलासा, तुमचं उपकार फिटायचं न्हाईत. पण एक पदर पसरून मागती. कार्यात तुमी म्होरं येऊ नगा. आन् आमच्या दारात बी नगा. तुमी दिसला की माझा जीव जातोय वो."

आप्पा लगेच म्हणाले, "न्हाई येणार, वैनी."

परत येताना मी संतापलो होतो. म्हटलं, असलं स्थळ मोडून टाका. माझ्या मुलीच्या लग्नाला मीच येऊ नये असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याचं अंगण उलटं केलं असतं. आप्पा खिडकीबाहेर उसाकडं बघत होते. "दुधानं त्वांड पोळलंय तिचं," ते म्हणाले. "ताक बी फुकूनच पिणार."

"आणि तुम्ही ताक का?"

"ताकच की. नशीब म्हणायचं." मग टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "पोरगीचं मन हाय त्या घरात. माझ्या पायांसाठी तिनं का मोडायचं?"

सारिकानं ऐकलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं. असल्या घरात मी जाणार नाही, म्हणाली. आप्पांनी तिला कसं वळवलं ते मला माहीत नाही. एवढं खरं की ते पंधरा दिवस ते बॅगांचं लग्न लावत नव्हते.

लग्न रहिमतपूरला, एका मंगल कार्यालयात झालं. कन्यादानाला आप्पांचा धाकटा भाऊ बसला. आप्पांचे गुडघे धरलेत, त्यांना बसता येत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. आप्पा त्या वेळी कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत वऱ्हाडाच्या गाड्या लावत होते. दोन्ही हात वर करून, विमान जागेवर घ्यावं तसं एकेक जीप मागं घेत होते. पोरं त्यांची नक्कल करत होती आणि आप्पाही हसत होते. पंगतीला मी त्यांना ओढून नेऊ लागलो, तर म्हणाले, "वाढाय न्हाई मिळालं, तर नुसतं जेवून काय करू?"

मंगलाष्टकं सुरू झाली. भोंग्यातून बाहेर आवाज येत होता. आप्पा गाड्यांमध्ये उभे राहिले, टोपी नीट केली. मुठीत अक्षता होत्या, कुणी दिल्या कोण जाणे. प्रत्येक "सावधान"ला त्यांनी भिंतीच्या दिशेनं अक्षता टाकल्या. त्या समोरच्या जीपच्या बॉनेटवर पडत होत्या. शेवटी त्यांचा बांध फुटला, आणि मी त्यांना धरलं. भोंग्यावर सनई लागली होती म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. बरं झालं असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, ऐकू जायला हवं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी नोकरी सोडली आणि साताऱ्यात स्वतःचं गॅरेज टाकलं. फोन व्हायचे, भेट राहून गेली. त्यामुळं आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते सारिका नवऱ्याकडं निघाली त्या दिवशी; तो माझ्या नोकरीचाही शेवटचाच दिवस होता.

अमोल पुढं गेला होता. ती एकटी, आयुष्यात पहिल्यांदाच विमानानं निघाली होती. तिकीट मीच मुद्दाम आप्पांच्या पाळीतल्या विमानाचं काढलेलं. आदल्या दिवशी तिनं फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. "आप्पा, लग्नात दिसला न्हाईसा. उद्या जिन्यापाशी हुबं ऱ्हावा. तुमाला बगितल्याबिगार मी वर चढणार न्हाई."

"ऱ्हातो की," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन रणरणत होतं. पट्ट्याच्या गाडीचा पट्टा घसरत होता म्हणून मी विमानाच्या उजव्या अंगाला, सामानाच्या दाराखालीच काम करत होतो. प्रवाशांचा जिना पलीकडं, डाव्या अंगाला. सारिकाची बॅग आली तेव्हा आप्पांनी ती पट्ट्यावर ठेवू दिली नाही. स्वतः छातीशी धरून वर नेली. प्रवाशांची बस आली. मी वर डोकावून हाक मारली, "आप्पा, पोरगी आली. जा पलीकडं."

ते आत गुडघ्यांवर बसले होते. हलले नाहीत.

"आप्पा, अहो, ती शोधत असेल."

"मिस्त्री, पैल्यांदाच संसाराला चाललीया," ते म्हणाले. "निघताना माझं त्वांड नगं तिच्या म्होरं."

इतकी वर्षं लोक जे मनात म्हणत होते, ते या माणसानं खरं मानलं होतं.

"लेक आहे ती तुमची," मी ओरडलो.

"म्हणून तर."

मग त्यांनी विचारलं, "तिची जागा कुठं हाय?" पंखाच्या मागं, खिडकीशी, मी सांगितलं. आप्पा बॅगांवरून सरकत मागं गेले. अंदाज घेतला, आणखी थोडं सरकले. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि तळवा छताला टेकवला. त्या छताच्या वर प्रवाशांची जमीन असते. वर पावलं धपधप वाजत होती. आप्पा मान वाकडी करून ऐकत होते. ओठ हलत होते, मंगलाष्टकं म्हणत होते की आणखी काय, ते मला कळलं नाही.

"बसली का वो?" त्यांनी विचारलं.

मी खाली वाकलो. विमानाच्या पोटाखालून पलीकडच्या जिन्याची खालची पायरी दिसते. बस रिकामी झाली होती, सगळे वर गेले होते. पायरीपाशी हिरव्या साडीचा काठ आणि नव्या जोडव्यांची दोन पावलं तेवढी उरली होती. ती पावलं इकडं वळत होती, तिकडं वळत होती, पण वर चढत नव्हती.

"बसली," मी म्हणालो.